‘लाईट गेली अन् डेटा उडाला’ : बंद संगणकातून पुरावा कसा निघतो?

राहुरी : गावची विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, वजनकाटा, वांबोरीच्या कांदा बाजारातली आडत, सगळ्यांचा हिशेब आता वहीतून संगणकात गेला आहे. गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी देशभरातल्या ६३ हजार सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची ही योजना होती. त्यामुळे पुढे हिशेबाचा वाद निघाला, तर त्याचा पुरावा वहीपेक्षा संगणकातच जास्त सापडणार.

असा वाद निघाला की एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं, ‘लाईट गेली अन् डेटा उडाला.’ कधी ते खरं असतं, कधी नसतं. खरं-खोटं ठरवायची सोय बहुतेक वेळा त्याच बंद संगणकात असते. मात्र मधल्या काळात कोणी तो ‘जरा चालू करून बघितलेला’ नसावा. बंद संगणकात काय राहतं, ते कसं काढतात, कोर्टात कसं टिकतं आणि गावपातळीवर काय काळजी घ्यायची, याची ही माहिती.

बंद झाल्यावर काय जातं, काय राहतं?

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. एक रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती जागा. दुसरी हार्ड डिस्क किंवा एसएसडी, म्हणजे कायमची कोठी.

वीज गेली की रॅममधलं सगळं जातं. उघडलेली पण सेव्ह न केलेली नोंद, त्या क्षणी चालू असलेले प्रोग्रॅम, इंटरनेटची जोडणी हे सगळं रॅममध्ये असतं. रॅमसुद्धा क्षणात कोरी होत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की वीज तोडल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद टिकते आणि चिप खूप थंड केली तर काही मिनिटं टिकते. पण तो प्रयोगशाळेतला प्रकार झाला. गावातल्या प्रकरणात रॅम गेली असंच धरून चालावं.

डिस्कवरचं मात्र राहतं. सेव्ह केलेल्या फाइली तर राहतातच. शिवाय विंडोज स्वतःच्या कामासाठी कितीतरी नोंदी ठेवत असतं. संगणक कधी चालू झाला, कधी बंद झाला, कोणत्या नावाने लॉगिन झालं, कोणता पेनड्राइव्ह लावला, कोणते प्रोग्रॅम चालवले, कोणत्या वेबसाइट उघडल्या, याच्या खुणा डिस्कवर सापडू शकतात. वर्ड आणि एक्सेल साधारण दर दहा मिनिटांनी चालू कामाची तात्पुरती प्रत ठेवतात. संगणक ‘हायबरनेट’ केला असेल, तर रॅममधली माहितीसुद्धा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरलेली असते.

डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नाही

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधून घरमालकाचं नाव खोडलं, म्हणून घर पडत नाही. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की असंच होतं. यादीतून नाव जातं आणि ‘ही जागा मोकळी आहे’ अशी नोंद होते, पण मजकूर जागेवरच असतो. रिसायकल बिन रिकामा केला तरी तेच. त्या जागेवर दुसरी फाइल येऊन बसली, की मात्र जुना मजकूर गेला. नवं बांधकाम झाल्यावर जुनं घर सापडत नाही.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या विचिटा शहराचं आहे. १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करणारा डेनिस रेडर तीस वर्षं सापडत नव्हता. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याने एका टीव्ही वाहिनीला फ्लॉपी डिस्क पाठवली. त्या फ्लॉपीवर डिलीट केलेली एक वर्ड फाइल पोलिसांना मिळाली. फाइलच्या आतल्या नोंदीत एका चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे नाव होतं. त्या धाग्यावरून २५ फेब्रुवारी २००५ रोजी त्याला अटक झाली.

लाईट खरंच गेली होती का?

विंडोजमध्ये ‘इव्हेंट लॉग’ नावाची नोंदवही असते. संगणक रीतसर शटडाउन केला तर तिच्यात तशी नोंद होते. वीज जाऊन अचानक बंद पडला, तर पुढच्या वेळी चालू होताना ‘मागचं बंद होणं अनपेक्षित होतं’ अशी नोंद पडते.

म्हणजे ‘सोमवारी दुपारी लाईट गेली आणि खाती उडाली’ असं कोणी म्हणत असेल, तर ते तपासता येतं. सोमवारी दुपारी संगणक अचानक बंद पडला होता, की कोणी नेहमीसारखा शटडाउन केला होता? त्याच्या आधी पेनड्राइव्ह लावला होता का? फाइली एकेक करून डिलीट झाल्या, की विंडोजच नव्याने टाकलं? विंडोज नव्याने टाकल्याची तारीखही संगणकात सापडते. दुसरीकडे महावितरणच्या उपकेंद्रात फीडर कधी बंद झाला आणि कधी चालू झाला याची नोंद असते. तपासात ही नोंद आणि लॉग शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं.

यातून प्रामाणिक माणूसही सुटतो. खरंच वीज गेली असेल आणि डिस्क बिघडली असेल, तर क्लार्कवर आलेला आळ हाच संगणक दूर करू शकतो. म्हणून संगणक जपणं तक्रारदाराच्या जेवढं हिताचं, तेवढंच ज्याच्यावर संशय आहे त्याच्याही हिताचं आहे.

एक सावधानता मात्र हवी. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असेल, तर संगणकाचं घड्याळ मागे जातं आणि नोंदींवर भलत्याच तारखा पडतात. तज्ज्ञ आधी घड्याळ तपासतात आणि मगच वेळ धरतात.

‘जरा चालू करून बघू’ इथे घात होतो

बंद संगणक पुन्हा चालू केला की विंडोज लगेच लिहायला लागतं. नव्या नोंदी, तात्पुरत्या फाइली, अपडेट असं बरंच काही डिस्कवर उतरतं. कोणी काहीही उघडलं नाही, तरी फाइलींच्या तारखा बदलतात. डिलीट झालेल्या मजकुराच्या जागेवर नवं काहीतरी बसू शकतं.

देशातल्या एका मोठ्या खटल्यात हा मुद्दा आला होता. १३ डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यानंतर श्रीनगरमध्ये एका ट्रकमधून लॅपटॉप जप्त झाला. त्यात बनावट ओळखपत्रं आणि गृह मंत्रालयाच्या स्टिकरचा नमुना मिळाला. पण काही फाइलींवर जप्तीनंतरच्या तारखा होत्या. बचाव पक्षाने त्यावर बोट ठेवलं. लॅपटॉप सुरू केल्यावर काही फाइली आपोआप लिहिल्या जातात, हा तज्ज्ञांचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००५ च्या निकालात मान्य केला. तिथे तज्ज्ञ होते, म्हणून खुलासा झाला. गावातल्या दुरुस्तीवाल्याने संगणक उघडून चार तास खटपट केली असेल, तर नंतर तो खुलासा कोण देणार?

म्हणून पहिला नियम : बंद असेल तर बंदच ठेवा. दुरुस्तीच्या दुकानात ‘डेटा रिकव्हरी’ला नेऊ नका. फॉरमॅट मारू देऊ नका. इंटरनेटवरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर घेऊन त्याच डिस्कवर टाकू नका.

आणि संगणक चालू असेल तर?

इथे उलट विचार करावा लागतो. चालू संगणकात रॅम जिवंत असते आणि कुलूप उघडं असतं. अमेरिकेत ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजारामागच्या रॉस उल्ब्रिक्टला १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात पकडलं, तेव्हा पोलिसांनी त्याचा लॅपटॉप उघडा आणि चालू असतानाच ताब्यात घेतला. तो मिटला असता तर पासवर्डशिवाय आतलं काही मिळणं कठीण होतं.

आपल्याकडेही नव्या विंडोज ११ संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्कला बऱ्याचदा आपोआप कुलूप लागतं. मग ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय डिस्क उघडत नाही. संस्थेने ही की लिहून तिजोरीत ठेवावी. एकट्या क्लार्कच्या मोबाइलवर ती राहू नये.

सर्वसामान्य माणसाने चालू संगणकाबाबत एवढंच करावं :

– स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढावेत. वेळ दिसेल असा एक फोटो हवाच.
– माउस, की-बोर्डला हात लावू नये. चार्जर लावून ठेवावा आणि पोलिसांना कळवावं.
– कोणी लांबून संगणक चालवत असेल, म्हणजे स्क्रीनवर बाण आपोआप हलत असेल, तर आधी इंटरनेट तोडावं. वायर काढावी किंवा वायफाय राउटर बंद करावा.
– डोळ्यांदेखत फाइली उडत असतील, तर वाट बघू नये. टेबलावरच्या संगणकाची मागची वायर काढावी. अशा वेळी रॅम गेली तरी चालेल, डिस्क वाचवणं महत्त्वाचं.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

जप्त झालेला संगणक किंवा डिस्क सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. राज्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथे आहे. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणी विभागीय प्रयोगशाळा आहेत.

तिथे मूळ डिस्कवर काम करत नाहीत. डिस्क ‘राइट ब्लॉकर’ या उपकरणातून जोडतात. त्यातून वाचता येतं, पण डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मग डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात. फक्त दिसणाऱ्या फाइली नाही, तर मोकळी म्हणून दाखवलेली जागासुद्धा. पुढचा सगळा शोध त्या प्रतीवर होतो.

प्रत आणि मूळ सारखंच आहे हे सिद्ध करण्यासाठी ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे गणिताने काढलेला डिस्कचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. लाखो पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हॅश पूर्ण बदलतो. दोन्ही हॅश जुळले, तर मधे कोणी ढवळाढवळ केली नाही असं म्हणता येतं.

पंच म्हणून सही करताना

जप्तीच्या वेळी गावातल्याच माणसाला पंच म्हणून बोलावतात. सही करण्याआधी पंचनामा वाचून घ्या. कंपनीचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर, संगणक चालू होता की बंद, कोणत्या वायरी आणि पेनड्राइव्ह लावलेले होते, सील कसं केलं, हे सगळं त्यात असलं पाहिजे. जागेवरच हॅश काढला असेल तर तोही. ‘एक काळ्या रंगाचा संगणक’ एवढ्यावर कोर्टात भागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं आता आवश्यक आहे. ते मोबाइलवरही करता येतं.

सीसीटीव्हीचा नियम वेगळा

दुकान, पेट्रोल पंप, मंदिर, चौकातला कॅमेरा डीव्हीआरमध्ये नोंद करतो. डीव्हीआर म्हणजेही हार्ड डिस्क असलेला छोटा संगणकच. फरक एवढाच, की जागा संपली की तो जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवतो. किती दिवसांनी, ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. म्हणजे इथे डीव्हीआर नुसता चालू राहिला, तरी पुरावा पुसला जातो.

चोरी, अपघात, मारामारी झाली की त्याच दिवशी मालकाला सांगून तेवढं चित्रण वेगळं काढून ठेवा आणि पोलिसांना लेखी कळवा. डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. डीव्हीआरचं घड्याळ कित्येकदा दहा-वीस मिनिटं पुढे-मागे असतं आणि उलटतपासणीत तोच मुद्दा निघतो. चित्रण मिळवण्यासाठी पोलीस कलम ९४ खाली लेखी आदेश देऊ शकतात.

कोर्टात टिकायला दाखला लागतो

पेनड्राइव्हवर प्रत नेऊन दिली म्हणजे पुरावा झाला, असं नाही. याचा मोठा निकाल जालन्याच्या प्रकरणातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी ३ वाजता संपल्यानंतर अर्ज दाखल झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा.

अडचण अशी झाली, की जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे लागणारा दाखला अधिकाऱ्यांकडून वारंवार मागूनही मिळाला नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवला आणि सगळ्या देशासाठी नियम घालून दिला. डिजिटल पुराव्याच्या प्रतीसोबत दाखला सक्तीचा आहे. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं, तर दाखल्याची गरज नाही. आणि दाखला दुसऱ्याच्या हातात असून तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून तो मागवता येतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. दाखल्याची तरतूद आता कलम ६३ मध्ये आली आहे. दाखल्याचा नमुना कायद्यातच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅशही लिहावा लागतो. म्हणूनच मूळ मोबाइल, मूळ मेमरी कार्ड, मूळ डीव्हीआर फेकू नका, विकू नका. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली प्रत मूळची जागा घेत नाही.

काय निघत नाही?

सगळं परत मिळतं असा समज करून घेऊ नये. हार्ड डिस्कवर ज्या जागेवर नवा मजकूर बसला, तिथला जुना मजकूर मिळत नाही. एसएसडीमध्ये डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, तीही बऱ्याचदा लवकर. एसएसडीला नुसती वीज मिळाली तरी ही सफाई चालू राहू शकते, म्हणून ती बंद ठेवणं आणखी महत्त्वाचं. कुलूपबंद डिस्कची की नसेल तर आतलं वाचता येत नाही.

पण एका ठिकाणचं गेलं म्हणून सगळीकडचं जात नाही. बँकेची स्टेटमेंट, मोबाइलवर आलेले मेसेज, दूध केंद्राच्या छापील पावत्या, सर्व्हरवरची नोंद, ऑडिटरकडे गेलेली प्रत, हे सगळं गोळा करावं. सभासदांनी पासबुकाचे आणि पावत्यांचे फोटो आजच काढून ठेवावेत.

तक्रार कुठे करायची?

– ऑनलाइन पैसे गेले असतील तर : लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी थांबवायचे असतात, त्यामुळे पहिले काही तास महत्त्वाचे.
– पोलीस : राहुरी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. तक्रार नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं अहिल्यानगरला आहे.
– सोसायटी, पतसंस्था : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ खाली सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. दप्तर दडवलं किंवा नष्ट केलं जाईल अशी भीती असेल, तर कलम ८० खाली ते ताब्यात घेण्याची कारवाई निबंधक सुरू करू शकतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे द्या. ‘संगणक, हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, डीव्हीआर’ असा स्पष्ट उल्लेख करा आणि पोहोच घ्या.

पुरावा कोर्टात येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘फॉरमॅट मारून टाक’ असं सांगणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बंद संगणक चालू करू नका. चालू संगणकाला उगाच हात लावू नका.
२. मागून, पुढून आणि सिरीयल नंबरचे फोटो काढा. वायरी कुठे लावल्या होत्या तेही टिपा.
३. संगणक असलेल्या खोलीला दोन-तीन जबाबदार लोकांसमोर कुलूप लावा आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.
४. कोणी, कधी, काय केलं याची तारीख-वेळ घालून वहीत नोंद ठेवा. चुकून संगणक चालू केला असेल तर तेही लिहा. लपवलेली गोष्ट नंतर पुराव्यालाच मारक ठरते.
५. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढा.
६. मूळ उपकरण सांभाळा. पोलिसांना दिलं तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.